दोघे मिळून १८७ किलो: रेसिंगसाठी कुठली डिंगी घ्यावी?

निनाद_लेस्टर

मंडळी, इथे पाण्यातली बरीच माणसं आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतो.

मी आणि माझा मेहुणा इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये एका जलाशयावरच्या क्लबात डिंगी, म्हणजे शिडाच्या छोट्या बोटी, चालवतो. मी ९७ किलो, तो ९०. सध्या क्लबची जुनी एंटरप्राइझ वापरतोय. वारा चांगला असला की कोणाच्या बापाला ऐकत नाही. पण इथला वारा म्हणजे निम्मे रविवार नुसती झुळूक. अशा दिवशी साठ-पासष्ट किलोची दोन कॉलेजची पोरं आमच्या बाजूने गप्पा मारत पुढे निघून जातात. आम्ही पहिल्या मार्कवर (रेसमधल्या वळायच्या खुणेवर) पोचेपर्यंत त्यांचा दुसरा मार्क वळून होतो.

आता स्वतःची बोट घ्यायचीय. बजेट दोन-अडीच हजार पौंड, म्हणजे जुनीच. ट्रॅपीझ (तारेला लटकून बोटीबाहेर उभं राहायची सोय) नको, माझे गुडघे आता ते ऐकणार नाहीत. डोक्यात वेफेरर, जीपी १४, अल्बाकोअर आणि आरएस ४०० आहेत. आमच्या क्लबात जीपी पाच-सहा आहेत, वेफेरर दोन, अल्बाकोअर एकही नाही. वजनाला जमेल अशी कुठली?

मक्या

पहिला उपाय: भात बंद.

निनाद_लेस्टर

@मक्या, सासूबाई जूनपर्यंत इकडेच आहेत. दुसरा उपाय सांग.

तांडेल_कुलाबा

निनादराव, वजन हा दोष समजू नका. नौदलात असताना मुंबईच्या बंदरात एंटरप्राइझ भरपूर चालवली. थंडीत दुपारी वायव्येचा वारा भरला आणि समोरून ओहोटी आली की बारीक लाट उठते. त्यात हलकी पोरं शिडातला वारा सोडून देत बसायची आणि आमच्यासारखे जाडजूड लोक शीड ताणून सरळ वर, वाऱ्याच्या दिशेने, जायचे. त्या लाटेत बोटीला रेटा लागतो, आणि तो रेटा क्रूच्या वजनातून येतो.

तुमचा प्रश्न तळ्याचा आहे, हे मान्य. पण बोट निवडताना वर्षातले किती रविवार कुठल्या वाऱ्याचे असतात ते आधी लिहून काढा. झुळुकीसाठी घेतलेली बोट वाऱ्यात पस्तावायला लावते.

अनुजा_के

तांडेलकाका, अर्धं पटलं. हिशेब मांडते म्हणजे भांडायला सोपं जाईल.

एंटरप्राइझचा नुसता सांगाडा ९४ किलोचा. डोलकाठी, शिडं वगैरे सोडून देऊ. निनाद आणि मेहुणा धरून २८१ किलो. त्याच बोटीत १३० किलोची जोडी बसली तर २२४. म्हणजे तीच साडेदहा चौरस मीटरची शिडं तुमच्या वेळी पंचवीस टक्के जास्त वजन ओढतायत. बोट पाण्यात साधारण दीड सेंटिमीटर जास्त बसते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढा बुडालेला भाग पाण्याला सतत घासत असतो, आणि झुळुकीत बहुतेक सगळा विरोध त्या घासण्याचाच असतो.

आता वाऱ्यात काय होतं ते बघा. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. बोट आडवी होऊ नये म्हणून क्रू बाहेर लटकून जो तोल देतो तो वजनाच्या सरळ प्रमाणात. १३० ला १८७ म्हणजे १.४४ पट, त्याचं वर्गमूळ १.२. हलकी जोडी १० नॉट्सला शीड सैल सोडायला लागत असेल तर तुम्ही साधारण १२ नॉट्सपर्यंत पूर्ण शीड धरून बसाल. एवढाच तुमचा फायदा. त्या दोन नॉट्ससाठी बाकी सगळं मोजायचं का, हा खरा प्रश्न.

आणि हो, नुसते किलो सांगू नका, उंची सांगा. सहा फुटी नव्वद किलो आणि साडेपाच फुटी नव्वद किलो एकसारखे नसतात. उंच माणसाचं वजन काठाच्या जास्त बाहेर जातं.

निनाद_लेस्टर

मी पाच फूट सात, मेहुणा सहा फूट एक. आत्तापर्यंत मी सुकाण्यावर आणि तो पुढे.

अनुजाताई, म्हणजे जड बोट घ्यायची का? वेफेररचा सांगाडा १६९ किलो आहे ना?

अनुजा_के

बरोबर, आणि लोक तिथेच फसतात. वेफेररमध्ये तुम्ही ३५६, हलकी जोडी २९९. फरक एकोणीस टक्क्यांवर येतो. जीपीचा सांगाडा १३३ चा, तिथे बावीसच्या आसपास. अल्बाकोअर १०९, तिथे चोवीसच्या जवळ. म्हणजे बोट जितकी जड, तितका क्रूचा फरक कमी जाणवतो. पण हा फरक त्याच बोटीतल्या दुसऱ्या जोडीशी आहे. तुमच्या क्लबात वेफेरर दोनच असतील तर तुम्ही बहुतेक वेळा हँडिकॅपवर (वेगवेगळ्या बोटींच्या वेळा आकड्याने जुळवून) पळणार. त्यासाठीचा पोर्ट्समथ यार्डस्टिकचा आकडा बोटीला मिळतो, बसणाऱ्यांना नाही. तुमचे जास्तीचे पन्नास-पंचावन्न किलो त्या गणितात कुठेच येत नाहीत.

दुसरी गोष्ट लांबीची. प्लेनिंग (पाण्यावर घसरत पळणं) सुरू होण्याआधी बोटीचा वरचा वेग पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाने वाढतो. एंटरप्राइझ ४.०४ मीटर, अल्बाकोअर ४.५७. नुसत्या लांबीवर सहा टक्के मिळाले. शिवाय तेच वजन लांब तळावर पसरतं, त्यामुळे मागचा भाग पाण्यात रुतत नाही.

टोरांटोकर

अल्बाकोअरचं नाव निघालं म्हणजे मला यावंच लागणार. 😀

आमच्याकडे टोरांटोत ही बोट भरपूर आहे. उफा फॉक्सची रचना, १९५४ ची, फेअरी मरीनवाल्यांनी बनवलेली. स्पिनेकर (वाऱ्यासोबत जाताना लावायचं मोठं फुगीर शीड) नाही, ट्रॅपीझ नाही. पंधरा फूट लांब आणि ११.६ चौरस मीटर शीड. आमच्या ताफ्यात नवरा-बायकोची एकशेवीस किलोची जोडी आहे आणि दोन दणकट पंजाबी भाऊपण आहेत. दोघं एकमेकांना हरवत असतात. कारण डोलकाठीचा कल आणि वाक हवा तसा बदलता येतो. भावांची काठी सरळ आणि शीड पोटाळ, नवरा-बायकोची काठी मागे कललेली आणि शीड सपाट.

वजनदार लोकांसाठी माझा सल्ला ठरलेला: आधी बोटीची ट्यूनिंग दोऱ्या ओढून किती बदलता येते ते बघा. वजन त्यानंतर.

फिनवेडा

अहो, दोघांनी एकत्र बसायचा हट्ट कशाला? एक फिन तुला, एक मेहुण्याला. घरात शांतता.

फिन म्हणजे वजनदार माणसाची हक्काची बोट. स्वीडनच्या रिकार्ड सार्बीने १९४९ मध्ये काढली, १९५२ च्या हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत सलग ऑलिंपिकमध्ये राहिली. पॉल एल्व्हस्ट्रोमची तीन सुवर्णं याच बोटीतली. बेन एन्स्ली सिडनीला लेझरमध्ये सुवर्ण जिंकला आणि मग फिनसाठी पंधरा किलोहून जास्त वजन चढवून अथेन्सला पुन्हा सुवर्ण घेऊन आला. विचार करा, जगातला एवढा मोठा खेळाडू वजन *वाढवण्यासाठी* जेवत होता.

आपला नछत्तर सिंग जोहल २००८ ला बीजिंगला फिनमध्येच होता.

पॅरिसला काढून टाकली. आता नव्वद किलोच्या पुरुषाने ऑलिंपिकची एकट्याची डिंगी म्हणून आयएलसीए ७ (म्हणजे लेझरच) कडे बघायचं आणि जेवण सोडायचं. ह्या विषयावर मी जास्त बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

मक्या

भात चालू. निर्णय मागे घेतो.

गिरगावकर_१०२

धागा थोडा पळवतो, माफ करा. मी मुंबईत, एकटा, १०२ किलो. इथे एकट्यासाठी लेझरशिवाय सहज काही मिळत नाही. फिन, फँटम, ओके ही नावं मी फक्त व्हिडिओत बघतो. ७.०६ चौरस मीटरच्या शिडात मी कायम मागून दुसरा. काही करता येईल का, की गेटवेसमोरच्या सीबर्डवर क्रू म्हणून जाऊ?

तांडेल_कुलाबा

सीबर्डवर जरूर जा. कीलबोट (तळाला जड कील असलेली) आहे, तिथे तुझे १०२ किलो बघून लोक खुर्ची पुढे करतील. पण लेझर सोडू नकोस.

लेझरमध्ये जड माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मागे सरकून बसणं. झुळुकीत पुढे सरक, अगदी सेंटरबोर्डला (मधून पाण्यात उतरणाऱ्या फळीला) मांडी लागेपर्यंत. बोट किंचित वाऱ्याखालच्या अंगाला कलती ठेव, म्हणजे तळाचा कमी भाग पाण्याला लागतो आणि शीड आपल्या वजनाने आकार धरून लोंबतं. मग कान मागे दे. ट्रान्समखाली (बोटीच्या मागच्या फळीखाली) पाणी गुडगुड करत असेल तर तू अजून मागेच आहेस. आवाज बंद होईस्तोवर पुढे ये. पाणी गुपचूप सुटलं पाहिजे.

दुसरं, हालचाल. हलक्या पोराने धपकन जागा बदलली तर बोट थोडी हलते. तू बदललीस की शिडातली सगळी हवा झटकली जाते. टॅक करताना (वाऱ्याकडून बोट वळवताना) ठीक आहे, एरवी मांजरासारखा हल.

तिसरं, मुंबईतला वारा दुपारनंतर भरतो. सकाळची रेस हलक्यांना देऊन टाक, दुपारची तुझी.

अनुजा_के

काकांच्या उत्तराला +१. त्यात एकच भर: झुळुकीत किकर आणि कनिंगहॅम (शीड ताणायच्या दोऱ्या) अगदी सैल, आउटहॉल ही तशीच दोरीही सोडायची, पण शीड पिशवीसारखं फुगवायचं नाही. जड माणसाला वाटतं ताकद हवी म्हणून खूप पोट द्यावं. अगदी कमी वाऱ्यात फार पोटाळ शिडावरून हवा चिकटून वाहतच नाही, मध्येच सुटते. मध्यम पोट आणि वरची बॅटन (शिडातली पट्टी) थोडी उघडी, एवढं पुरे.

टोरांटोकर

@गिरगावकर, ओके डिंगी कुठे जुनी मिळाली तर सोडू नका. १९५७ ची डॅनिश रचना. प्लायवुडची घरी बांधणारेही पुष्कळ आहेत. फिनचा धाकटा भाऊ म्हणा. न वाकणारी डोलकाठी घातली तर ९५-१०० किलोलाही चालते.

निनाद_लेस्टर

खूप माहिती मिळतेय, आभार. फिन मोहात पाडतेय, पण दोघांनी एकत्र जायचं हीच यातली मजा आहे. मेहुणा एरवी तोंड उघडत नाही, बोटीत मात्र अखंड बोलतो.

आरएस ४०० बद्दल कोणीच बोललं नाही?

अनुजा_के

मी तीन मोसम क्रू केलंय, सांगते. फिल मॉरिसनची रचना, १९९३ ची. बोट छान, ट्रॅपीझ नाही, आणि १५०-१७० किलोच्या जोड्या तिच्यात नेहमी दिसतात. तुम्ही त्या टोकाच्याही बाहेर आहात, पण वाऱ्यात तुम्हाला कोणी धरू शकणार नाही. अडचण दुसरी आहे. असिमेट्रिक स्पिनेकर असल्यामुळे वाऱ्यासोबत जाताना सरळ खाली जाता येत नाही, कोन काढत नागमोडी जावं लागतं. लहान तळ्यावर, झुळुकीत, वजनदार क्रूसह तो कोन जमत नाही. मोठ्या पाण्यावर, म्हणजे रटलंड वॉटर किंवा ग्राफहॅमला, तीच बोट बघा, वेगळीच. तुमचं पाणी केवढं आहे?

दुसरं, हाइकिंग (काठाबाहेर लटकणं) कडक असतं. गुडघ्यांचं तुम्हीच लिहिलंयत.

निनाद_लेस्टर

पाणी लहान आहे. एका टोकाला झाडं, तिथे वारा मरतोच. आरएस ४०० यादीतून बाद.

फिनवेडा

दोन वजनदार माणसं, गुडघे खराब, ट्रॅपीझ नको... फ्लाइंग फिफ्टीन का नाही? तीही उफा फॉक्सची, १९४७ ची. वीस फूट लांब, खाली कील, त्यामुळे उलटायची भानगड नाही. १७०-१८० किलोची जोडी तिथे अगदी नेहमीची आहे.

निनाद_लेस्टर

विचारलं होतं. क्लबात क्रेन नाही, स्लिपवे अरुंद, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की किनाऱ्याला कील टेकते. समितीने गोड शब्दांत नाही म्हटलं.

फिनवेडा

मग जीपी. वाद संपला.

टोरांटोकर

वाद कसा संपेल? जीपी चौदा फूट, अल्बाकोअर पंधरा!

तांडेल_कुलाबा

टोरांटोकर, तुमची बोट चांगली आहे यात शंका नाही. पण ह्यांच्या क्लबात एकही अल्बाकोअर नाही. एकटी बोट घेऊन हा माणूस दर रविवारी आकडेमोडीत हरणार, आणि का हरला ते त्याला कळणारही नाही. शेजारी तशीच बोट असली की दहा मिनिटांत कळतं. त्याचं शीड कसं आहे, तो कुठे बसलाय, आपण वर चढत नाही म्हणजे काय चुकतंय. आमच्या वेळी ८२ च्या आशियाई स्पर्धांचं सेलिंग मुंबईत झालं, फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या डिंगीत सुवर्ण घेतलं. ती तयारी एकट्याने फिरून झालेली नाही. बाजूला दुसरी फायरबॉल पळत असायची.

माझं मत जीपी. १३३ किलोचा सांगाडा, जॅक होल्टची १९४९ ची रचना, शिडावर घंटेचं चिन्ह. दिसायला साधी, पण अंगाने भक्कम.

अनुजा_के

मीही जीपीच म्हणते, पण माझं कारण वेगळं. जीपीत साधा, बांबूवाला स्पिनेकर आहे, वाऱ्यासोबत सरळ खाली जाता येतं. लहान तळ्यावर हा मोठा फायदा. आणि जागांचं म्हणाल तर: मेहुणा उंच आहे, तो पुढे राहून पूर्ण बाहेर लटकेल, हे तुमचं बरोबरच आहे. पण झुळुकीत पुढचा नव्वद किलोचा माणूस बोटीच्या मधोमध, थ्वार्टच्या (आडव्या बाकाच्या) पुढे बसला पाहिजे. जीपीत तेवढी जागा आहे. एंटरप्राइझमध्ये तो बूमखाली (शिडाच्या खालच्या आडव्या काठीखाली) घडी होऊन बसतो आणि दर टॅकला तुमची चिडचिड होते.

वेफेररबद्दल एक वाक्य: फ्रँक डाय तीच बोट घेऊन आइसलंडला गेला म्हणून लोक भुलतात. पण रेसनंतर ती स्लिपवेवरून वर ओढायला तुमच्याच गुडघ्यांना लागायचंय.

निनाद_लेस्टर

अपडेट. दोन्ही करून बघितलं. एका सभासदाने त्याची जीपी शनिवारी दिली, आणि तासाभराच्या अंतरावरच्या दुसऱ्या क्लबात एका आजोबांनी अल्बाकोअरमध्ये बसवलं.

अल्बाकोअर जास्त पळते, खोटं कशाला बोलू. सात-आठ नॉट्सला अशी सुळकन सुटली की मेहुणा एक शब्द बोलला नाही, म्हणजे बघा. जीपी त्यामानाने संथ सुरू होते, पण एकदा चालायला लागली की झाडांच्या सावलीतल्या पडझडीतही थांबत नाही, वजनाने पुढे सरकत राहते. एंटरप्राइझ तिथे दर वेळी मेल्यासारखी उभी राहायची.

मेहुण्याचं मत अल्बाकोअर. माझं जीपी, कारण शेजारी पाच-सहा असणार. बायकोने मत द्यायला नकार दिलाय, एकीकडे भाऊ आणि एकीकडे नवरा.

एक जीपी बघून ठेवलीय. फायबरची, वर लाकडी डेक, साधारण पंचवीस वर्षांची. काय काय तपासू?

तांडेल_कुलाबा

ट्रॉलीवरून उतरवून उलटी करा, विक्रेता कुरकुरला तरी. मग:

तळावर अंगठ्याने जोरात दाबत नाळेपासून मागे या. कुठे आत दबलं किंवा करकरलं तर आतला थर सुटलाय. डोलकाठी जिथे टेकते तिथला भाग आणि शिडाच्या दोऱ्या बांधायच्या पट्ट्या हाताने हलवून बघा. सेंटरबोर्डच्या पेटीच्या कडेला ओल किंवा काळा डाग असेल तर गळते. हवाबंद कप्प्यांची झाकणं उघडून आत हात घाला. आत पाणी असेल तर "काल पाऊस पडला" हे उत्तर मान्य करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वजन करा. जुनी बोट पाणी पिऊन आठ-दहा किलोनी सहज वाढते. तुमच्या वजनात अजून तेवढी भर परवडणारी नाही. घरातले दोन वजनकाटे, पुढे एक, मागे एक, दोन्ही आकडे मिळवा. तळ समपातळीत ठेवा आणि आतलं सामान, दोऱ्या, बादली सगळं बाहेर काढा.

फिनवेडा

काटे मेहुण्याला दाखवू नका.

निनाद_लेस्टर

😂 केलं. १३७ भरली, ताठ आहे, सेंटरबोर्डची पेटी कोरडी. एका कप्प्याचं झाकण बदलावं लागेल. शिडं मात्र थकलेली, जिबची (पुढच्या लहान शिडाची) पुढची कड सुरकुतलीय. हातात चारशे पौंड उरतात. डोलकाठी बऱ्यापैकी ताठ आहे. आधी काय बदलू, मेन (मोठं शीड) की जिब?

अनुजा_के

आधी जिब. वर चढताना मेनवर येणारी हवा जिबने वळवलेली असते, जिब थकलेलं असेल तर नवं मेन घेऊन उपयोग नाही. आणि शीड शिवणाऱ्याला दोघांचं वजन आणि उंची खरी सांगा, तो पोट त्याप्रमाणे कापतो. जुनं मेन यंदा चालवा, फक्त बॅटन बदला.

टोरांटोकर

ठीक आहे, हरलो. पण जिबच्या दोरीला नवी रॅचेट पुली (दोरीचा ओढ पेलणारी कप्पी) घ्या. मोठ्या पोटाचं जिब वाऱ्यात हात तोडतं.